सायकलवहिनीचा मिक्सर

१

सायकलवहिनी विकली गेली, ही बातमी जुईला मंगळवारी सकाळी दात घासता घासता कळली.

बातमी कसली, बोंबच ती. फोनवर एकाखाली एक तक्रारी येऊन पडत होत्या. ‘वहिनी, तुम्हीसुद्धा?’ ‘आता तुमच्यात आणि टीव्हीवरच्या जाहिरातीत फरक काय राहिला?’ आइंडहोव्हनच्या एका बाईंनी तर नुसते जोडलेले हात टाकले होते, अंत्यदर्शनाला जोडतात तसे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. सायकलवहिनी नावाची बाई जगात कुठंच नाही. ते इंटरनेटवरचं एक पान. नेदरलँड्सला येणाऱ्या मराठी माणसाला ही वहिनी सहा वर्षं सगळं सांगत आली. ज्वारीचं पीठ कुठल्या गल्लीत मिळतं, नगरपालिकेत नाव कसं नोंदवायचं, ताप आला तरी इथला डॉक्टर पॅरासिटामॉल घेऊन झोपा असंच का सांगतो, उलट्या वाऱ्यात सायकल कशी हाकायची. हजारो लोक तिला नावानं हाक मारत. तिला एक करडी सायकल आहे, विसरभोळा नवरा आहे, आणि ती स्पष्टवक्ती असली तरी मनानं मऊ आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्यक्षात लिहिणारी माणसं चार आणि पासवर्ड एक. उइटहॉर्नच्या पद्मजाताई, आम्स्टेलव्हेनची चैत्राली, डेल्फ्टचा गौरव आणि जानेवारीपासून ग्रोनिंगनची जुई.

चौघांचे नियम दोन. पहिला, कुठलाही लेख आधी सगळ्यांच्या सामायिक वहीत टाकायचा, आणि दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय तो पानावर चढवायचा नाही. याला ते ‘दुसरा हात’ म्हणत. आणि दुसरा, वहिनी कुणाकडून काही घेत नाही, कुणाचं काही विकत नाही.

मंगळवारी पहाटे साडेपाचला दोन्ही नियम एकदम मोडले होते. पानावर लिहिलं होतं:

‘मंडळी, मिक्सर घ्यायचा तर गृहलीलाचाच घ्या. काल सोमवारी चटणी वाटत होते. बरोब्बर बारा वाजता दर महिन्याचा तो भोंगा वाजला, आणि मिक्सर चालू असूनही मला स्पष्ट ऐकू आला. इतका शांत, इतका गुणी! खाली आकडे दिलेत, मागवताना ते घातलेत तर दहा टक्के सूट आहे. घ्या, आणि मला दुवा द्या.’

सोबत फोटो. काळ्या ओट्यावर लालचुटुक मिक्सर, भांड्यात हिरवी चटणी, मागं भिंतीवर बटण खाली आणि त्याचा बारका लाल दिवा लागलेला.

जुईनं चूळ भरली तेवढ्यात पद्मजाताईंचा फोन आला. त्यांचा आवाज एरवी फोडणीसारखा तडतडायचा. आज तो थंड होता.

“रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. ज्यानं केलंय त्यानं सांगायचं आणि निघायचं. कुणी काही बोललं नाही, तर संध्याकाळी मी पान बंद करणार. संशयात मला स्वयंपाकसुद्धा करता येत नाही, लिहिणं तर लांबच.”

“ताई, बंद?”

“तू शिकतेस ना हेच? ऑनलाइन ओळख, सामायिक लेखन? मग शोधून काढ कोण ते. आणि एक सांगून ठेवते. चैत्रालीचं म्हणणं आहे की ते तू केलंस.”

२

जुईचा प्रबंध याच पानावर होता, हे खरं. ‘एक नाव, अनेक हात’ असं भारदस्त शीर्षक, जूनमध्ये जमा करायचा. पान बंद झालं तर प्रबंध लंगडा झाला असता. पण तिला लागलं ते प्रबंधासाठी नाही.

गेल्या सप्टेंबरात ती ग्रोनिंगनला उतरली तेव्हा तिच्याकडे खोली नव्हती. विद्यार्थी जास्त आणि खोल्या कमी, ही त्या गावाची जुनीच रड. स्वस्त वसतिगृहात आठ जणांच्या खोलीत वरच्या पलंगावर ती अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी तिनं परतीचं तिकीट बघायला घेतलं आणि त्याआधी, उगीच, सायकलवहिनीला एक ओळ लिहिली. पहाटे उत्तर आलं होतं. ‘खोली शोधू. ते नंतर. आधी सांग, काल दिवसभरात कुणाशी मराठीत बोललीस का? नसशील बोलली तर पद्मजा म्हणून आहे, तिचा नंबर देते. काम नसलं तरी फोन कर.’

जुई पलंगावर बसून हमसाहमशी रडली होती. मग तिनं फोन केला होता. पुढं महिन्याभरात खोलीही मिळाली. पण ते उत्तर चौघांपैकी, म्हणजे तेव्हाच्या तिघांपैकी, कुणी लिहिलं ते तिनं कधी विचारलं नाही. वहिनीनं लिहिलं, एवढं तिला पुरत होतं. त्या बाईचा, नसलेल्या का होईना, कुणी लिलाव मांडावा हे तिला सहन होईना.

गुरुवारी ती दोन-अडीच तासांचा रेल्वेप्रवास करून चैत्रालीकडे गेली. चैत्राली पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, मूळची हुशार आणि खरेदीच्या बाबतीत मूळचीच हावरी. तिचं स्वतःच्या नावाचं वेगळं पान होतं, त्यावर ती रोज एक खोकं उघडून दाखवायची.

“मी म्हणाले तू केलंस, सॉरी,” दार उघडतानाच ती म्हणाली. “पण लॉजिकली बघ ना, नवीन तूच आहेस.”

“लॉजिकली जाहिराती करणारी तू आहेस.”

“मी करते ते माझ्या नावानं करते! चेहरा दाखवून. वहिनीच्या पदराआड नाही.”

हे मात्र पटण्यासारखं होतं. जुई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि जागच्या जागी थबकली. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लालचुटुक गृहलीला मिक्सर बसला होता.

३

“चैत्राली, हे काय आहे?”

“काय म्हणजे? मिक्सर आहे.” चैत्रालीचे कान लाल झाले. “मंगळवारी मागवला, काल आला. वहिनीनं एवढं सांगितलं म्हणून घेतला.”

“अगं, वहिनी म्हणजे आपणच ना?”

“माहितेय! पण वाचताना नाही आठवत गं. वाटलं, वहिनी म्हणतेय तर चांगलाच असणार.”

हसावं की रडावं, जुईला कळेना. चैत्रालीनं खरेदीची पावती दाखवली, तारीख मंगळवारची, सकाळी सव्वानऊची. म्हणजे लेखाच्या नंतरची. मग तिनं मिक्सरचं बटण फिरवून ठेवलं आणि वायर भिंतीत खुपसली. अख्खी इमारत हादरेल असा आवाज झाला. दोघी एकमेकींशी ओरडून बोलू लागल्या. शेवटी चैत्रालीनं वायर उपटली तेव्हा कुठं शांतता झाली.

“हा शांत?” जुई म्हणाली. “ज्यानं लिहिलं त्याचा आधीचा मिक्सर काय ट्रॅक्टर होता का?”

“आणि फोन शोधूनही उपयोग नाही,” चैत्राली म्हणाली. “मी बघितलं. पान उघडलेले अकरा फोन दिसतात, कारण जुना फोन टाकताना आपल्यातलं कुणीच त्यावरून पानाबाहेर पडत नाही. आणि अकराही मुंबईत दिसतात.”

“मुंबईत?”

“सगळे मराठी मालिका बघतो ना. त्या इथं दिसत नाहीत, म्हणून सगळ्यांनी फोनला आपण भारतात आहोत असं खोटं सांगून ठेवलंय.”

तिथून ती डेल्फ्टला गेली, तर स्टेशनवर गौरव सायकल घेऊन उभा होता. पीएचडीचं तिसरं वर्ष, डोळ्यांखाली काळं, स्वभाव गरीब. वहिनीचे सगळ्यात गाजलेले लेख त्याचे. पाऊस पडत असताना सायकलच्या दिव्यात थेंब कसे दिसतात, ट्राम वळताना रूळ कसे किरकिरतात, यावर त्यानं असं काही लिहिलं होतं की लोकांनी ते घरच्यांना पाठवलं. आज मात्र तो धड नजर देत नव्हता. सायकलच्या हँडलवर फोन अडकवायचा घोडा होता, त्याचा स्क्रू तो उगाच पिळत होता.

“सोमवारी कुठं होतास?”

“लॅबमध्ये. सुट्टी होती, पण माझा प्रयोग चालू होता. कार्डची नोंद आहे, बघू शकतेस.”

“मी तुझ्यावर आळ घेत नाहीये, गौरव. तुला कुणाचा संशय येतो का, एवढंच विचारतेय.”

“कदाचित कुणी मुद्दाम केलंच नसेल. माणूस चुकतो, जुई.”

“मग चुकलं म्हणून सांगायला काय होतं? पद्मजाताई पान बंद करतायत.”

“करू देत.” तो पटकन म्हणाला. “खरंच सांगतो, बरंच होईल. पत्ता काढू नकोस तू. प्लीज.”

ज्याच्या लेखांवर वहिनीची निम्मी कीर्ती उभी होती, तोच तिला मारायला निघाला होता.

४

शुक्रवारी जुई खोलीवर तोंड पाडून बसलेली बघून घरमालकीण मारेइके कॉफी घेऊन आली. सत्तरीची विधवा, सांगेल ते मोजकंच, आणि बिस्किटही मोजून एक. जुईनं तिला सगळी हकीकत सांगितली आणि लेख इंग्रजीत वाचून दाखवला.

“भोंगा?” मारेइके म्हणाली. “परवाच्या सोमवारी?”

“महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाराला वाजतो ना? सगळ्या देशात, चाचणीचा.”

“वाजतो. पण परवा ईस्टरचा सोमवार होता, पोरी. सणाच्या दिवशी भोंगा वाजवत नाहीत. मी बागेत होते. बारा वाजता चर्चची घंटा झाली, बस्स.”

जुईनं कॉफीचा कप खाली ठेवला. तिनंही त्या दुपारी खिडकी उघडी टाकून अभ्यास केला होता. भोंगा वाजला नव्हता, पण न वाजलेली गोष्ट लक्षात कोण ठेवतं? म्हणजे लेखातला भोंगा लिहिणाऱ्यानं ऐकलेलाच नव्हता. पहिल्या सोमवारी बाराला वाजतो, एवढं कुठून तरी कळलेलं होतं, आणि खरेपणा यावा म्हणून तो चिमूटभर घातला होता. सोमवारी या देशात असलेल्या माणसाला निदान सुट्टी तरी आठवली असती. लेखात सणाचं नावसुद्धा नव्हतं.

तिनं फोटो पुन्हा उघडला आणि मोठा केला. ओटा, चटणी, मिक्सर, भिंत. मग तिची नजर स्वतःच्या खोलीतल्या भिंतीकडे गेली, तिथून मारेइकेच्या स्वयंपाकघराकडे. चैत्रालीनं मिक्सर बंद करायला वायर का उपटली होती? कारण इथं भिंतीवरच्या प्लगला बटण नसतंच. वायर घातली की वीज चालू. प्लगशेजारी खालीवर होणारं बटण आणि त्याचा लाल दिवा तिनं आयुष्यभर पाहिला होता, म्हणून तर फोटोत तो खटकला नव्हता. पण पाहिला होता तो भारतात.

तो मिक्सर भारतातल्या भिंतीला लावलेला होता. आणि चौघंही सोमवारी नेदरलँड्समध्ये होते.

म्हणजे चौघांपैकी कुणीच नाही. सायकलवहिनी आणखी कुणीतरी होती.

५

शनिवारचा अख्खा दिवस जुईनं पानाच्या जुन्या मजकुरात घालवला. प्रबंधासाठी तिनं सहा वर्षांचे लेख आणि उत्तरं वेळेसकट एका तक्त्यात उतरवली होती. प्राध्यापकांनी त्याला गाढवमेहनत म्हटलं होतं. गाढव आज कामाला आलं.

लेखाची वेळ पहाटे साडेपाच. एवढ्या पहाटे वहिनी उत्तरं देते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे समजत की त्या पद्मजाताई. त्या डब्यांचा व्यवसाय करायच्या, चारला उठायच्या. पण तक्ता वेगळंच सांगत होता. हिवाळ्यात ही उत्तरं साडेचारला सुरू होत. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढं सरकतात, आणि त्या दिवसापासून उत्तरं साडेपाचला सुरू होत. ऑक्टोबरात घड्याळं मागं गेली की पुन्हा साडेचार. तीन वर्षं, न चुकता. पद्मजाताईंचे डबे काही उन्हाळ्यात तासभर उशिरा जात नव्हते. हे अशा कुणाचं घड्याळ होतं, जे कधी सरकतच नाही. भारतातले सकाळचे नऊ. आंघोळ, पूजा, चहा आटपून माणूस निवांत बसतं ती वेळ.

मग तिनं त्या पहाटेच्या उत्तरांचा सूर कानात घोळवला आणि तोच सूर लेखांत शोधला. तो तिला सापडला एकाच जागी, सामायिक वहीत गौरवनं टाकलेल्या लेखांत. ते लेख तिनं ओळीनं वाचले, आणि तिसऱ्या-चौथ्या लेखाला तिला विचित्र वाटायला लागलं. मासळीच्या गाडीवर अख्खा लेख होता, कच्ची हेरिंग शेपटीला धरून लोक कशी तोंडात सोडतात ते सगळं होतं, पण वास नव्हता. वाऱ्यावर लेख होता, छत्र्या उलटतात, झाडं वाकतात, पण कान दुखत नव्हते, बोटं गोठत नव्हती. ज्या वाऱ्यानं जुईच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तो या लेखांत नुसता दिसत होता आणि ऐकू येत होता. पद्मजाताईंच्या लेखात दर दुसऱ्या ओळीला हिंगाचा तरी वास असायचा. इथं काही शिवत नव्हतं, काही हुंगलं जात नव्हतं.

दिसतं आणि ऐकू येतं, एवढंच पोचतं कशातून? जुईच्या डोळ्यांपुढं सायकलच्या हँडलवरचा तो घोडा आला. त्यात अडकवलेला फोन, चालू व्हिडिओ कॉल, आणि पलीकडे कुणीतरी रोज डेल्फ्टचे रस्ते बघत बसलेलं.

उत्तर मिळालं, पण जुईला आनंद झाला नाही. तिनं तक्त्यात सप्टेंबर काढला. ‘काल दिवसभरात कुणाशी मराठीत बोललीस का?’ वेळ, पाच वाजून अडतीस मिनिटं.

जिनं तिला या देशात टिकवलं, तिलाच ती चार दिवस चोरासारखी शोधत होती. उद्या नाव घेतलं तर पद्मजाताई तिला घालवणार. नाही घेतलं तर वहिनीच संपणार.

६

रविवारी उइटहॉर्नच्या घरात साबुदाण्याची खिचडी झाली होती, पण कुणी हात लावला नव्हता.

“बोला,” पद्मजाताई म्हणाल्या. “की मी बंद करू?”

जुईनं गौरवकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनं एकेक करून सांगितलं: न वाजलेला भोंगा, भिंतीवरचं बटण, न सरकणारं घड्याळ, वास नसलेली मासळी. प्रत्येक गोष्टीला चैत्राली ‘अरे देवा’ म्हणत होती.

“गौरव,” शेवटी जुई म्हणाली, “तू रोज सायकलवरून कुणाला फोन लावतोस?”

“आईला,” गौरव म्हणाला, आणि इतके दिवसांचं ओझं उतरल्यासारखा खुर्चीत मागं टेकला. “बाबा गेले त्या वर्षी मी इथं आलो. ती मिरजेत एकटी. लोकांची पत्रं वाचण्यात तिचा वेळ जाईल म्हणून पासवर्ड दिला, तर ती लोकांना उत्तरंच द्यायला लागली. मग लेखही लिहायला लागली. मी आणून वहीत टाकायचो. तुम्ही माझं कौतुक केलंत, आणि मी ते घेतलं. नंतर सांगायची लाज वाटली. नियमांचंही तिला कधी सांगितलं नाही मी. मंगळवारी लेख बघताक्षणी मला कळलं.”

“लाव फोन,” पद्मजाताई म्हणाल्या.

पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या, गौरवच्या आई, मृदुलाकाकू. मागं तोच काळा ओटा. गौरवनं तिला थोडक्यात सांगितलं, आणि मृदुलाकाकूंचा चेहरा उतरत गेला.

“अगं बाई, पण मी विकलं कुठं?” त्या म्हणाल्या. “ती कंपनीतली मुलगी इतकी गोड बोलली. वहिनी, तुम्ही आमच्या घरच्याच, एक भेट पाठवायचीय, पत्ता द्या म्हणाली. पाडव्याच्या आठवड्यात खोकं आलं. शेजारणीनं वाटीभर खीर दिली तर वाटी रिकामी परत करतो का आपण? मी चार शब्द घातले तिच्या वाटीत. आकडे खाली लिहा म्हणाली, लिहिले. लोकांना स्वस्त मिळेल तर बरंच की. आणि मिक्सर शांतच आहे हो. माझा आधीचा पंचवीस वर्षांचा होता.”

चैत्रालीला हसू आवरेना. पद्मजाताई मात्र हसल्या नाहीत. “आणि भोंगा?”

“तो थोडा वरून घातला. गौरव सांगायचा ना दर महिन्याला.” काकूंनी चष्मा काढला. “मी पोस्टात होते. काउंटरवर बसून ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायचे. नाव त्यांचं, अक्षर माझं. तसंच वाटलं मला हे. पण त्या लोकांना माहीत होतं मी लिहितेय. तुम्हाला माहीत नव्हतं. चुकलंच माझं. मी नाही लिहिणार यापुढं. तुम्ही पान बंद नका करू.”

“काकू,” जुई मध्येच म्हणाली. “मी जुई. सप्टेंबरात तुम्ही मला विचारलंत, काल कुणाशी मराठीत बोललीस का. त्या सकाळी मी परतीचं तिकीट काढणार होते. मी इथं आहे ती तुमच्यामुळं. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं.”

काकूंनी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. “कुठली गं तू? नाही आठवत मला. खूप जणींना विचारते मी ते.” मग त्या म्हणाल्या, “आणि ते वाक्य माझं नाहीच बाळ. गौरव पहिल्या आठवड्यात तिकडं रडकुंडीला आला होता, तेव्हा कुणीतरी त्याला ते विचारलं. त्यानं मला फोनवर सांगितलं. माझ्या पोराची कुणीतरी एवढी चौकशी केली म्हणून मी देवापुढं साखर ठेवली. तेव्हापासून जो नवीन येईल त्याला मी विचारते.”

“मला पद्मजाताईंनी विचारलं होतं,” गौरव म्हणाला.

सगळ्यांनी पद्मजाताईंकडे बघितलं. त्या खिचडीच्या भांड्यावरचं झाकण नीट करत होत्या.

“आणि ताई, तुम्हाला कुणी विचारलं होतं?” जुईनं विचारलं.

“मला?” पद्मजाताई म्हणाल्या. “मला कुणीच नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आले मी, नोव्हेंबर होता. हे सातला जायचे, सातला यायचे. पहिले चार महिने मी रोज दुपारी आरशासमोर बसून स्वतःशी बोलायचे, मराठी विसरेन या भीतीनं. कुणी विचारलं नाही म्हणून तर हे पान काढलं.”

पडद्यावरून काकूंचा आवाज आला.

“पद्मजा, मग आता मी विचारते. आज कुणाशी बोललीस का गं? म्हणजे कामाचं सोडून.”

पद्मजाताईंनी पदर नसलेल्या कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग त्यांनी गौरवच्या हातातून फोन घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

तिघं बाहेर पायरीवर जाऊन बसले. समोरच्या कालव्यात बदकं फिरत होती. चैत्रालीनं सामायिक वही उघडली, गौरवनं पहिलं वाक्य सांगितलं, जुईनं ते खोडून दुसरं लिहिलं, आणि तिघांच्या हातून मिळून असं झालं:

‘मंडळी, तो मिक्सर वहिनीला फुकट आला होता, आणि ते तिनं तुम्हाला सांगितलं नाही. चुकलं. मिक्सर चांगलाच मोठ्यानं वाजतो. काल तो परत पाठवायचं ठरलं. आणि आणखी एक. वहिनी एकटी नाही. आम्ही पाच जण आहोत, त्यातली एक मिरजेत असते आणि तिनं हा देश अजून पाहिलेला नाही. तुमच्यातल्या पुष्कळांना पहाटे उत्तर तिनंच दिलंय. ज्यांना दिलंय त्यांनी तिला थँक्यू म्हणावं, आम्ही आजच म्हटलं.’

“‘काल ठरलं’ नको, ‘आज’ कर,” गौरव म्हणाला. “आता खोटं काही नको.”

जुईनं ते बदललं. लेख तिघांनी लिहिला होता, म्हणजे दुसरा हात अजून पडायचा होता. पण तो देणाऱ्या दोघी आत होत्या. दाराआडून पद्मजाताईंचा आवाज येत होता. आधी हळू, मग चढता, मग ऐन भरात, नोव्हेंबरच्या त्या दुपारी सांगणारा, आणि मध्येच काकूंचं ‘होय? मग?’ येत होतं.

थांबायला कुणाचीच हरकत नव्हती. चैत्रालीनं आतून खिचडी आणली आणि तिघांनी ती पायरीवरच खाल्ली. गार झाली होती, पण चांगली होती. पाऊण तासानं गौरवनं दार किलकिलं करून बघितलं आणि परत येऊन बसला.

“अजून मार्चपर्यंत पोचल्या नाहीत,” तो म्हणाला.